रिकामी तार

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक लोखंडी पाइप उभा आहे. त्याच्या टोकाला पाच पितळी कांबी आहेत. एक सरळ आभाळाकडे, चार खाली तिरक्या. कापड उडून गेलेल्या छत्रीसारखं दिसतं ते. आठ-नऊ वर्षांपूर्वी कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत हा प्रकार पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा शेजारच्या वहिनींनी त्यांच्या गच्चीवरून विचारलं, "हे काय गं, कावळं बसू नयेत म्हणून लावलंयस व्हय?"

"न्हाई ओ वहिनी," मी म्हटलं, "विमानांच्या तारा घेतो यावर."

वहिनींनी वर बघितलं. फेब्रुवारीतलं निळं आभाळ, त्यात एक घार. "बरं," म्हणाल्या आणि वाळत घातलेले पापड उलटू लागल्या.

'तार घेणं' हा शब्द माझा नाही, अण्णांचा आहे. माझे वडील तार खात्यात होते. १९६४ ला लागले आणि १९९८ ला निवृत्त झाले. लोकांच्या घरी तार 'येते'. तार ऑफिसात बसलेला माणूस ती 'घेतो'. कट्ट-कडकट्ट कानानं घ्यायचं, हातानं लिहायचं, आणि लिहिताना कान पुढच्या अक्षरावर ठेवायचा. लहानपणापासून हा शब्द कानावर होता, त्यामुळे विमानांकडून येणाऱ्या मजकुराला काय म्हणायचं हा प्रश्न मला पडलाच नाही.

वैमानिक जमिनीशी बोलत असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांच्या बोलण्याच्या आड आणखी एक बोलणं सतत चाललेलं असतं, ते यंत्रांचं. विमानातली यंत्रं छोटे छोटे लेखी संदेश जमिनीला पाठवतात, जमीन त्यांना उत्तर देते. या पद्धतीचं नाव एकार्स. अमेरिकेतल्या एरिंक या कंपनीनं १९७८ साली ती सुरू केली. तिच्या मुळाशी पगाराचा हिशेब होता, आणि माझी अख्खी नोकरी पतसंस्थेत गेल्यामुळे मला ते वाचून फार जवळचं वाटलं. विमानावरच्या कर्मचाऱ्यांचा पगार उड्डाणाच्या वेळेवर ठरायचा, आणि त्या वेळा माणसांनी तोंडी कळवायच्या, हातानं टिपायच्या. मग ते काम यंत्राकडे दिलं. दारं लागली, ब्रेक सुटला की 'आऊट'. चाकांवरचा भार गेला की 'ऑफ'. भार परत टेकला की 'ऑन'. ब्रेक लागून दार उघडलं की 'इन'. एका प्रवासाच्या चार नोंदी. पुढे त्याच वाटेनं इंधन, हवामान, इंजिनाची तब्येत, उतरल्यावर कुठल्या दाराशी लागायचं, असं सगळं जाऊ लागलं.

हे घरात बसून घेता येतं हे मला कळलं ते मुलामुळे. त्यानं कॉलेजात असताना लॅपटॉपवर टीव्ही दिसावा म्हणून एक डोंगल आणला होता, अंगठ्याएवढा. टीव्ही काही धड दिसला नाही. पुढे तो नोकरीला पुण्याला गेला आणि डोंगल कपाटाच्या खणात राहिला. एकदा फोनवर म्हणाला, "आई, टाकू नकोस तो. त्यातून रेडिओ ऐकता येतो." त्या डोंगलमध्ये आरटीएल २८३२ यू नावाची चिप असते. टीव्हीचं चित्र तयार करण्याआधीचा कच्चा सिग्नल ती जशाचा तसा संगणकाला देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास काही हौशी मंडळींनी शोधून काढलं. कच्चा सिग्नल हातात आला की पुढचं सगळं सॉफ्टवेअरवर सोपवता येतं. साधारण २५ पासून १७०० मेगाहर्ट्झपर्यंत काहीही त्या एका अंगठ्यात मावतं. पूर्वी एवढ्यासाठी टेबलभर यंत्रं लागायची. फुकट मिळणारे एकार्सडेक, डंपव्हीडीएल२ असे प्रोग्रॅम मुलानं पुण्यात बसून माझ्या जुन्या संगणकावर चढवून दिले.

उरला अँटेना. एकार्सचा जुना, मुख्य चॅनल १३१.५५० मेगाहर्ट्झ. त्याची लाट दोन मीटर अठ्ठावीस सेंटिमीटर लांब. तिचा पाव हिस्सा सत्तावन्न, आणि धातूत थोडं कमी धरावं लागतं म्हणून चोपन्न सेंटिमीटर. मी उद्यमनगरात गेले. तिथल्या एका वर्कशॉपात सांगितलं, सहा एमएमची पितळी कांब, चोपन्नचे पाच तुकडे. मिस्त्रींनी पहिला प्रश्न केला, "टॉलरन्स किती ठेवायचा, ताई?" दिवसभर इंजिनाचे भाग मायक्रॉनमध्ये कापणारा माणूस तो. मी म्हटलं, दोन-चार एमएम इकडेतिकडे चालेल. त्यांना ते पटलं नाही. पाचही कांबी त्यांनी अगदी बरोबर कापल्या, कडांवरची धार मारली, एका टोकाला आटे पाडून दिले आणि विचारलं, "कशासाठी?" सांगितल्यावर पैसे घेईनात. चहाचे म्हणून तरी घ्या म्हणावं लागलं.

आणि कोल्हापूर जागा म्हणून फार चांगलं आहे. या लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वीची गोलाई आली की संपतात. पण पस्तीस हजार फुटांवरच्या विमानाची रेषा चारशे किलोमीटरपर्यंत पोहोचते. मुंबई इथून सरळ रेषेत तीनशे. मुंबई-बेंगळुरूची वाट आपल्या पूर्वेला, मिरजेच्या अंगानं जाते. पश्चिमेला सह्याद्री आडवा असला तरी उंचावरची विमानं त्याच्या डोक्यावरून समुद्रापर्यंत ऐकू येतात. उजळाईवाडीच्या आपल्या धावपट्टीवर १९३९ पासून विमानं उतरताहेत, पण त्या थोडक्या विमानांपलीकडे या शहरावरून किती जण न थांबता जातात हे मला पन्नाशीत कळलं.

पहिली तार आली ती रात्री साडेनऊच्या पुढे. मी हेडफोन लावून बसले होते. एकार्स कानाला असं ऐकू येतं: सुरुवातीला शिट्टीचं एक टोक, मग तापलेल्या कढईवर ओला हात झटकावा तसं चर्र. संपलं. एक सेकंदसुद्धा नाही. आणि पडद्यावर मात्र ओळी उमटल्या.

"अण्णा!" मी ओरडले.

अण्णा जेवून पान लावत बसले होते. चष्मा घेऊन आले, खुर्ची ओढली आणि पडद्यावर बोट टेकवून एकेक अक्षर वाचू लागले. विमानाच्या नोंदणीशी आले आणि थांबले. "व्हीटीच्या आधी टिंब कशाला?"

मी नुकतंच वाचलं होतं. नोंदणीसाठी सात घरं राखलेली असतात. आपल्या विमानांची व्हीटी, मग आडवी रेघ, मग तीन अक्षरं, सहाच होतात. राहिलेलं घर पुढून टिंबानं भरतात.

"घर मोकळं सोडायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "बरोबर हाय. आणि शब्द किती ते कुठं लिहिलंय?"

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. प्रत्येक तारेच्या डोक्यावर शब्दांची संख्या लिहिलेली असे. घेणारा तार घेऊन झाली की शब्द मोजी. आकडा जुळला तर तार पुरी. नाही जुळला तर परत मागवायची. "मोजदाद नसंल तर ती तार कशी?"

मोजदाद होती. संदेशातलं प्रत्येक अक्षर सात बिटांचं, म्हणजे सात शून्य-एकांचं असतं आणि आठवा बिट फक्त राखणीला. अक्षरातल्या एकांची संख्या विषम व्हावी असा तो आठवा ठेवतात. सम आली की समजायचं, वाटेत काहीतरी बिघडलं. शिवाय संदेशाच्या शेवटी सगळ्याची मिळून एक तपासणी-संख्या येते. रोज संध्याकाळी रोकड आणि कीर्द जुळवून घरी जाणाऱ्या बाईला हे समजायला वेळ लागला नाही. अण्णांनाही नाही. "म्हंजे आमचंच हाय की हे," म्हणाले आणि पानाचा डबा तिथेच मागवून घेतला.

त्या रात्री आम्ही एक वाजेपर्यंत बसलो. तारेची सेवा बंद झाली त्या १४ जुलै २०१३ च्या रविवारी लोकांनी शेवटची तार करायला गावोगावी रांगा लावल्या होत्या, तेव्हा अण्णा घरातून हलले नव्हते. पेपरसुद्धा उलटा घालून ठेवला होता. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. त्या रात्री मात्र ते बोलत राहिले. प्रत्येक संदेशाला दोन अक्षरांचं एक लेबल असतं, कशासंबंधी आहे ते सांगणारं. ते बघून त्यांना शुभेच्छांचे आकडे आठवले. दिवाळीच्या शुभेच्छांना एक आकडा, लग्नाच्या आशीर्वादाला दुसरा; तारेवरून नुसता आकडा जायचा आणि पलीकडे अख्खं वाक्य लिहून मिळायचं. वेगाचा हिशेब मात्र त्यांनी मला दोनदा करायला लावला. एका एकार्स संदेशात जास्तीत जास्त २२० अक्षरं मावतात. वेग सेकंदाला २४०० बिट. म्हणजे भरलेला संदेशसुद्धा पाऊण सेकंदात संपतो. चांगला तारबाबू मिनिटाला पंचवीस शब्द घ्यायचा, त्याला तेवढ्याला पावणेदोन मिनिटं लागली असती. अण्णांनी हेडफोन चांगल्या कानाला लावला, ते चर्र ऐकलं आणि टेबलावर बोटानं काहीतरी वाजवायला गेले, पण बोट उचलेपर्यंत ते संपलेलं होतं.

"लई घाईत हाय," म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. पोरगा आपल्यापेक्षा उंच झाला की बाप जसं म्हणतो तसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी मला समोर बसवलं. माझ्या लहानपणी एखाद्याच्या दारात तारवाला उभा राहिला की गल्ली गोळा व्हायची, आणि त्या घरातलं माणूस कागद उलगडेपर्यंत कुणी श्वास घ्यायचं नाही. अण्णांनी ती तार स्वतःच्या हातानं घेतलेली असायची. संध्याकाळी आई विचारायची, काय होतं हो त्यांच्यात? अण्णा म्हणायचे, त्यांना विचार. चौतीस वर्षांत त्यांनी घरी कुणाची तार सांगितली नाही. सख्ख्या मामांच्या घरची, वाईट बातमीची तार त्यांनी दुपारी घेतली आणि ती मामांच्या हातात पडेपर्यंत आईलाही सांगितलं नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याप्रमाणे तारेतला मजकूर फोडणं हा कर्मचाऱ्याला गुन्हाच होता. पण अण्णांच्या बाबतीत कायदा नसता तरी तेच झालं असतं.

"तुला कुणी नेमलेलं न्हाई या कामावर," ते म्हणाले. "तू आपली शिकायला घेतीस. घे. पण घेतलेली तार सांगायची न्हाई. लिवायची न्हाई, कुणाला धाडायची न्हाई."

मी कबूल केलं, आणि आजवर पाळलं आहे. म्हणून या लेखात एकाही संदेशाचा मजकूर नाही, विमानाचा नंबर नाही. जगभरात हौशी मंडळी अशा संदेशांचे पडदे सर्वांसाठी खुले ठेवतात; त्यांचं त्यांना ठाऊक. माझ्या मते आभाळातून मोकळं येतं म्हणून ते आपल्या नावानं आलेलं नसतं. एवढं सांगते की त्यात थरारक असं फार नसतं. बहुतेक सगळी घरातली कामं असतात. वर वारा कसा आहे, बाहेर उणे पन्नासच्या आसपास थंडी आहे, इंधन किती उरलं, किती वाजता पोहोचू. कुठलातरी दिवा लागत नाही, उतरल्यावर बघा. चाकाची खुर्ची लागणारी इतकी माणसं आहेत, तयारी ठेवा. हा शेवटचा प्रकार आला की मी नेहमी थांबते. दहा हजार मीटर उंचावर एखादी म्हातारी बसली आहे, बहुधा पहिल्यांदाच विमानात, आणि खाली तिच्यासाठी खुर्ची शोधायला कुणीतरी उठलं आहे. तिला यातलं काही माहीत नाही. तिचा निरोप आमच्या पेठेवरून गेला हेही नाही.

एक गोष्ट लक्षात यायला मला बराच काळ लागला. मला अर्धंच बोलणं ऐकू येतं. जमिनीवरची केंद्रं दूर आहेत, त्यांचा आवाज गोलाईआड बुडतो. शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलत असावं आणि आपल्याला त्याचंच 'हो, हो, बरं' ऐकू यावं, तसं. आणि मुंबईकडे उतरणारं विमान खाली जाता जाता माझ्याकडूनही बुडतं. दहा हजार फुटांच्या खाली आलं की माझ्यापुरतं ते संपलं. 'ऑन' आणि 'इन' मला मिळत नाहीत. माझ्या नोंदवहीतली मुंबईची विमानं कधी उतरतच नाहीत. सुरुवातीला याची फार रुखरुख लागायची.

मग जमिनीनं संदेश घेतला की नाही हे मला कसं कळणार? त्याचं उत्तरही अण्णांकडून आलं. संदेश मिळाला की घेणाऱ्यानं पोच द्यायची. ती नाही आली तर पाठवणारा तोच संदेश पुन्हा पाठवतो. पोच मला ऐकू येत नाही. पण पुन्हा पाठवलेला संदेश ऐकू येतो. "तर मग," अण्णा म्हणाले, "परत आली न्हाई म्हंजे पोचली."

एकदा श्रावणात सगळंच थंडावलं. दिवसाला शेकड्यानं येणाऱ्या तारा आठवड्याभरात पंधरा-वीसवर आल्या. मला वाटलं, पावसामुळे विमानांनी वाट बदलली असेल. प्रोग्रॅम पुन्हा टाकला, संगणक बंद-चालू केला, मुलाला पुण्याला फोन लावला. अण्णा म्हणाले, "विमानाला कशापायी दोष देतीस? पयली लाइन तपास." भर पावसात छत्री धरून मी वर गेले. अँटेनाच्या बुडाशी केबलचा जोड सोडला तर आतून पाण्याचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला. केबल सोलली, आतली तांब्याची जाळी काळपट-हिरवी झालेली. हातभर कापली तेव्हा पुढे लखलखीत तांबं लागलं. नवीन जोड बसवला, त्यावर रबरी टेप गच्च गुंडाळला, आणि अण्णांनी खालून ओरडून सांगितल्याप्रमाणे केबल घरात घेण्याआधी तिला खाली एक झोळ दिला. वरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाला येऊन ठिबकतं, भिंतीतून आत शिरत नाही. खाली येऊन बघते तर पडद्यावर ओळी धावत होत्या. अण्णांनी मला टॉवेल दिला आणि झोळ किती दिलास ते विचारलं.

सगळ्यांत जास्त येणारी, आणि मला सगळ्यांत प्रिय असलेली तार म्हणजे क्यू शून्य. हे लेबल असलेल्या संदेशात मजकूर नसतो. विमानाची नोंदणी, उड्डाणाचा क्रमांक, तपासणी-संख्या, झालं. वाट मोकळी आहे ना, एवढंच बघायला विमान ती पाठवतं. अण्णा तिला रिकामी तार म्हणतात. पहिल्यांदा आली तेव्हा ते हसले होते. त्यांच्या जमान्यात शब्दागणिक पैसे पडत, आणि रिकामी तार करायला कुणी खिडकीशी आलं नसतं.

पण ८ मार्च २०१४ ला बेपत्ता झालेल्या त्या विमानाबद्दल मी त्यांना वाचून दाखवलं, त्यानंतर ते हसले नाहीत. कुआलालंपूरहून बीजिंगला निघालेलं एमएच ३७०, आत २३९ माणसं. एकार्सचा शेवटचा संदेश रात्री १ वाजून ७ मिनिटांनी आला. पुढचा १ वाजून ३७ मिनिटांनी यायला हवा होता. तो आला नाही. रडारवरून विमान गेलं, आवाज गेला, मजकूर गेला. राहिलं एवढंच: उपग्रहामार्फत जमिनीवरचं केंद्र साधारण तासातासानं विचारत होतं, आहेस का? आणि विमानातलं यंत्र उत्तर देत होतं, आहे. त्यात स्थान नव्हतं, वेग नव्हता, एकही शब्द नव्हता. सकाळी ८ वाजून १९ मिनिटांनी शेवटची खूण मिळाली. शोध घेणाऱ्यांच्या हातात मुख्यतः तेवढंच होतं. त्या उत्तरांना पोहोचायला किती वेळ लागला यावरून विमान उपग्रहापासून किती लांब असेल ते काढलं आणि त्यावरून दक्षिण हिंदी महासागरात एक लांबलचक कमान आखली. सहा-सात तासांचा प्रवास, त्याच्या या रिकाम्या पोचपावत्या.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग आईच्या फोटोकडे बघून म्हणाले, "तुझी आई मिस कॉल द्यायला लावायची."

खरंच. भाऊ सोलापूरला होता तेव्हा रात्रीच्या एसटीनं जायचा. आईची एकच अट असायची. पोचलास की मिस कॉल दे, उचलत नाही मी, पैसे घालवू नकोस. पहाटे कधीतरी फोन एकदा वाजायचा आणि थांबायचा. अंधारातच आई म्हणायची, "पोचला." आणि कूस बदलून झोपायची.

अण्णा आता शहाऐंशीचे आहेत. जिने चढत नाहीत, रात्री जागत नाहीत. संगणक मी रात्रभर चालू ठेवते. सकाळी चहा घेऊन त्यांच्यापाशी बसले की ते पेपरआधी हेच विचारतात.

"रात्री किती घेतल्यास?"

"एकशे चाळीस."

"रिकाम्या?"

मी मोजते. "एकोणीस."

"परत आल्या त्यातल्या किती?"

मी पुन्हा वरून खाली बघते. "एक पण न्हाई, अण्णा."

"मग पोचल्या," म्हणतात आणि खारी चहात बुडवतात.